एच१एन१ चं एचए: आयएफएमध्ये अँटिबॉडी लखलखते, ब्लॉटवर मात्र कोरं

बावधन_बेंच (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

फ्लूच्या हिमॅग्लुटिनिनविरुद्धच्या, म्हणजे एचएच्या अँटिबॉडीवर गाडी अडली आहे. लॅब पुण्यातली, बीएसएल-२ (जैवसुरक्षेची दुसरी पातळी). विषाणू २००९ च्या साथीतला एच१एन१, ए/कॅलिफोर्निया/७/२००९ सारखा. एमडीसीके पेशी (कुत्र्याच्या मूत्रपिंडाच्या), एमओआय १ (पेशीमागे एक विषाणू), ट्रिप्सिन (प्रथिनं कापणारं एन्झाइम) न घालता १८ तास, मग रिपा या डिटर्जंट बफरमध्ये लायसेट, म्हणजे फोडलेल्या पेशींचा अर्क.

अँटिबॉडी उंदराची मोनोक्लोनल, १ मिग्रॅ/मिली, १०० मायक्रोग्रॅमची कुपी. माहितीपत्रकात इम्युनोजेन म्हणून 'संपूर्ण निष्क्रिय विषाणू' एवढंच लिहिलंय. उपयोगांत आयएफए (अँटिबॉडीने पेशी चमकवून बघणं), एलायझा आणि एचएआय (विषाणूमुळे लाल पेशींच्या गुठळ्या होणं अँटिबॉडी रोखते का, ती चाचणी). वेस्टर्न ब्लॉटचं (जेलवर वेगळी केलेली प्रथिनं मेम्ब्रेनवर घेऊन अँटिबॉडीने ओळखणं) नाव नाही, पण चालत नाही असंही म्हटलेलं नाही.

४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइडने फिक्स केलेल्या पेशींवर आयएफए केलं की पेशींच्या कडा स्वच्छ हिरव्या दिसतात, संसर्ग नसलेल्या पेशी काळ्या. त्याच संसर्गाचं लायसेट (३० मायक्रोग्रॅम, १० टक्के जेल, डायसल्फाइड बंध तोडणारं डीटीटी, ९५ अंशांना ५ मिनिटं, पीव्हीडीएफ मेम्ब्रेन, प्रायमरी म्हणजे ही अँटिबॉडी १:१०००) ब्लॉटवर पूर्ण कोरं. १:२०० केलं तर ५० किलोडाल्टनच्या आसपास एक बँड येतो, पण तो संसर्ग नसलेल्या लेनमध्येही आहे.

शेजारच्या लॅबकडून सशाचं पॉलिक्लोनल सीरमही मिळालंय, संपूर्ण विषाणू टोचून केलेलं. त्याने साधारण ५५ आणि २८ ला दोन ठसठशीत बँड येतात आणि ते फक्त संसर्ग झालेल्या लेनमध्येच आहेत. हे एचए१ आणि एचए२, म्हणजे एचए कापल्यावर होणारे दोन तुकडे, धरायचे का?

आणखी दोन गोष्टी. पार्सल आलं तेव्हा जेल पॅक पार वितळलेले होते, त्यामुळे मोनोक्लोनल खराब झाली असेल का? आणि हीच अँटिबॉडी एच३एन२ च्या नमुन्यांना लावता येईल का?

---

डायसल्फाइड

अँटिबॉडी ठणठणीत आहे. आयएफएत पेशीची कड उजळते म्हणजे तिला एचए ओळखू येतंय, फक्त ते घडी न मोडलेलं असावं लागतंय. तुम्ही एसडीएस (प्रथिन उलगडणारं डिटर्जंट), डीटीटी आणि ९५ अंश हे तिन्ही लावून ती घडीच उलगडून टाकता आणि मग तिला विचारता, हे कोण? ती कशी सांगणार.

माहितीपत्रकातलं 'एचएआय' हे अक्षर इथे सगळ्यात महत्त्वाचं आहे. एचएआय करणारी अँटिबॉडी एचए१ च्या गोलाकार डोक्यावर, रिसेप्टर बसतो त्या खाचेच्या आसपास बसते. तिथले एपिटोप (अँटिबॉडी जिथे बसते त्या जागा) बहुतेक वेळा साखळीत एकमेकांपासून दूर असलेल्या, पण घडी पडल्यावर शेजारी येणाऱ्या अमिनो आम्लांचे बनतात. साखळी सरळ झाली की एपिटोप संपला. त्यामुळे १:२०० किंवा १:५० केल्याने काही साधणार नाही, फक्त पार्श्वभूमी वाढेल आणि कुपी रिकामी होईल.

खात्री करायला ब्लॉट चालवू नका, डॉट करा. नायट्रोसेल्युलोजच्या पट्टीवर २-२ मायक्रोलीटरचे चार ठिपके पुरतात. पहिला, पीबीएसमधलं रिकॉम्बिनंट एचए, १०० नॅनोग्रॅम, न तापवलेलं. दुसरा, तेच १ टक्का एसडीएसमध्ये ९५ अंशांना ५ मिनिटं, डीटीटीशिवाय. तिसरा, तेच अधिक ५० मिलिमोलर डीटीटी. चौथा, तुमची मोनोक्लोनलच, १० नॅनोग्रॅम. एसडीएसचे नमुने ठिपका देण्याआधी पीबीएसने दहापट पातळ करा आणि मूळ तेवढं तीव्र घ्या, नाहीतर एसडीएसमुळे प्रथिन पट्टीला नीट चिकटत नाही आणि तुम्ही भलताच निष्कर्ष काढाल. ठिपके वाळू द्या, ब्लॉक करा, प्रायमरी ०.५ मायक्रोग्रॅम/मिली, मग नेहमीची सेकंडरी (प्रायमरीला धरून सिग्नल देणारी अँटिबॉडी).

चौथा ठिपका उजळला नाही तर सेकंडरी किंवा ईसीएल (प्रकाश देणारं रसायन) गेलंय. पहिला आणि चौथा उजळले आणि तिसरा अंधारात राहिला, तर एपिटोप घडीवर अवलंबून आहे. दुसरा उजळला आणि तिसरा नाही, तर तो डायसल्फाइड बंधांवर टिकून आहे, आणि मग नॉन-रिड्यूसिंग, म्हणजे डीटीटीशिवायच्या, जेलवर आशा आहे.

नॉन-रिड्यूसिंग जेल करणार असाल तर तीन गोष्टी. लायसिस बफरमध्येच १० ते २० मिलिमोलर आयोडोअ‍ॅसिटामाइड घाला, म्हणजे मोकळे थायोल भलतीकडे बंध जोडत नाहीत. नमुना ७० अंशांपेक्षा जास्त तापवू नका. आणि डीटीटी असलेली लेन शेजारी ठेवू नका, मध्ये किमान दोन लेन रिकाम्या सोडा, कारण डीटीटी जेलमधून बाजूला पसरतं आणि शेजारच्या लेनची कड अर्धवट रिड्यूस होते. न तापवलेल्या नमुन्यात २०० किलोडाल्टनच्या वर धूसर पट्टा दिसला तर तो न सुटलेला ट्रायमर, म्हणजे तीन एचएंचा जोड, असू शकतो, कचरा समजून कापून टाकू नका.

---

पट्टेवाला

सशाच्या सीरमबद्दल बोलतो, कारण तिथे खरा सापळा आहे आणि तो फार लोकांना फसवतो.

५५ आणि २८ हे एचए१ आणि एचए२ नाहीत, असं मी जवळजवळ खात्रीने म्हणेन. कारण तुमच्या प्रश्नातच आहे: ट्रिप्सिन न घालता. या एच१ च्या एचएमध्ये छेद होतो त्या जागी एकच आर्जिनिन असतं. ते कापणारं ट्रिप्सिनसारखं प्रोटिएझ माणसाच्या श्वासनलिकेच्या पेशींत असतं, एमडीसीकेमध्ये कामापुरतं नसतं. म्हणून तर या पेशींत विषाणू वाढवताना माध्यमात टीपीसीके-ट्रिप्सिन घालावं लागतं. ट्रिप्सिन नाही म्हणजे एचए मुख्यतः न कापलेलं, एचए० रूपात, ७० ते ७५ किलोडाल्टनला हवं. रिड्यूस करा की न करा, ते तिथेच राहणार. मग ५५ आणि २८ ला आलं कोण?

संपूर्ण विषाणू टोचला की सशाचं शरीर फक्त एचएविरुद्ध अँटिबॉडी करत नाही. न्यूक्लिओप्रोटीन, म्हणजे एनपी, ५६ किलोडाल्टन. मॅट्रिक्स प्रथिन एम१, २८ किलोडाल्टन. दोन्ही संसर्ग झालेल्या पेशीत रग्गड. आणि निसर्गाची गंमत अशी की कापलेल्या एचएचे तुकडे, ग्लायकनसह एचए१ साधारण ५० ते ६० आणि एचए२ २५ ते २८, नेमके त्यांच्याच शेजारी येऊन बसतात. संसर्ग नसलेल्या लेनमध्ये बँड नाही, यावरून फक्त 'विषाणूचं प्रथिन आहे' एवढं सिद्ध होतं. कोणतं, ते नाही.

वेगळं करायचा स्वस्त आणि पक्का मार्ग म्हणजे पीएनजीएझ एफ, प्रथिनावरच्या साखरेच्या साखळ्या (एन-ग्लायकन) कापणारं एन्झाइम. एचएवर एन-ग्लायकन असतात, एनपी आणि एम१ वर नसतात.

लायसेट १५ ते २० मायक्रोग्रॅम घ्या, ०.५ टक्के एसडीएस आणि ४० मिलिमोलर डीटीटीमध्ये १०० अंशांना १० मिनिटं. थंड करा. मग फॉस्फेट बफर पीएच ७.५, ५० मिलिमोलर, आणि एनपी-४० शेवटी १ टक्का होईल इतकं. हे एनपी-४० विसरलात तर एसडीएस एन्झाइमला मारून टाकतं आणि 'काहीच हललं नाही' असा उलटा निकाल हाती येतो. (इथलं एनपी-४० म्हणजे डिटर्जंट, न्यूक्लिओप्रोटीनशी त्याचा संबंध नाही.) मग ५०० युनिट एन्झाइम, ३७ अंशांना १ तास. बाजूला तेवढंच लायसेट, सगळं तसंच, फक्त एन्झाइमच्या जागी पाणी.

एचए० असेल तर ७५ वरून ६० च्या थोडं वर घसरतं. एचए१ असेल तर ५५ वरून थेट ३६-३७ पर्यंत येतं, इतकी मोठी उडी की डोळ्यांना शंका राहत नाही. एचए२ जेमतेम दोन-तीन किलोडाल्टन हलतं, १२ टक्के जेलवरच कळतं. ५५ चा बँड तसूभर हलला नाही तर एनपी. पोन्सो (मेम्ब्रेनवरची सगळी प्रथिनं दाखवणारा रंग) केलंत तर एक आगाऊ सूचना: पीएनजीएझ एफ स्वतः ३६ किलोडाल्टनला धावतं. रंगात दिसलं तर त्याला एचए१ समजू नका. ब्लॉटवर ते दिसायचं कारण नाही, तरी फक्त एन्झाइमची एक लेन ठेवलेली बरी.

आता मोनोक्लोनलचा ५० चा बँड, संसर्ग नसलेल्या लेनमधलासुद्धा. आधी प्रायमरीशिवाय, फक्त सेकंडरीचा ब्लॉट करा. माझा संशय माध्यमातल्या गाईच्या सीरमवर आहे. त्यातल्या आयजीजीची (रक्तातल्या मुख्य अँटिबॉडीची) जड साखळी ५० ला धावते आणि क्रॉस-अ‍ॅडसॉर्ब न केलेली (इतर प्राण्यांच्या आयजीजीला धरणारा भाग न काढलेली) अँटि-माऊस सेकंडरी तिला धरते. लायसिसआधी पेशी थंड पीबीएसने दोन-तीनदा धुवा आणि गाय, माणूस, ससा यांच्या आयजीजीविरुद्ध अ‍ॅडसॉर्ब केलेली सेकंडरी मागवा. सेकंडरी १:५००० च्या खाली आणायची गरज सहसा पडत नाही.

---

शीतकक्ष

वितळलेल्या जेल पॅकबद्दल: शुद्ध केलेलं आयजीजी दोन-चार दिवसांच्या उन्हाने सहसा मरत नाही. तुमचं आयएफए चालतंय, म्हणजे त्या कुपीची शंका मिटली. तरी पुढच्या वेळी पार्सल उघडताना वितळलेल्या पॅकसकट फोटो काढून त्याच दिवशी विक्रेत्याला पाठवा. नंतर कोणी दाद देत नाही.

जास्त नुकसान लॅबमध्ये होतं. कुपी उघडण्याआधी झटका स्पिन द्या, झाकणाला चिकटलेले दोन-तीन मायक्रोलीटर म्हणजे जवळपास एक ब्लॉट असतो. ४ अंशांना १०,००० जी वर ५ मिनिटं फिरवून गुठळ्या खाली बसवा, वरचं घ्या. १० मायक्रोलीटरचे अ‍ॅलिकॉट (वेगवेगळ्या ट्यूबमधले छोटे वाटे), त्याहून लहान नको, कारण भिंतीला चिकटून जाणाऱ्या प्रथिनाचं प्रमाण वाढतं. ग्लिसरॉल ५० टक्के असेल तर उणे २० ला ते गोठतच नाही, वितळण्या-गोठण्याचा प्रश्न मिटतो. ग्लिसरॉल नसेल तर एकदा वितळलेला अ‍ॅलिकॉट ४ अंशांना ठेवा, परत गोठवू नका. घरगुती फ्रॉस्ट-फ्री फ्रिजर अँटिबॉडीसाठी वापरूच नये, बर्फ साचू नये म्हणून तो ठराविक वेळाने आतून स्वतःला तापवतो.

पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज घालवतात, तेव्हा रात्रभराचं प्रायमरी इन्क्युबेशन बुधवारी लावणार असाल तर कोल्ड रूम जनरेटरवर आहे ना, ते आधी विचारा. शक्य नसेल तर थर्माकोलच्या खोक्यात बर्फावर ठेवलेली ट्यूब सकाळपर्यंत आरामात टिकते, फक्त हलत राहणार नाही. मग मेम्ब्रेन ५० मिलीच्या ट्यूबऐवजी सील केलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, हवेचे बुडबुडे काढून. तेवढ्याच मेम्ब्रेनला १० मिलीऐवजी ३ मिली प्रायमरी पुरते. १ मायक्रोग्रॅम/मिलीच्या हिशेबाने १०० मायक्रोग्रॅमच्या कुपीतून १० ऐवजी ३० हून अधिक ब्लॉट निघतात.

---

बावधन_बेंच

सगळ्यांचे आभार. पट्टेवाला यांचा ट्रिप्सिनचा मुद्दा लगेच पटला, पीएनजीएझ एफ मागवतो आहे.

डॉट केला. पहिला आणि चौथा ठिपका ठळक, दुसरा अगदी फिका, तिसरा शून्य. म्हणजे एपिटोप घडीवरचाच.

दोन पुढचे प्रश्न. नॉन-रिड्यूसिंग जेलसाठी संसर्ग झालेल्या पेशींचं लायसेट ९५ अंशांना न तापवता बीएसएल-२ च्या बाहेरच्या जेल रूममध्ये न्यावं का? आणि वेस्टर्नसाठी वेगळी अँटिबॉडी घ्यायची तर काय बघून घ्यावी?

---

ताम्हिणी

पहिल्याचं उत्तर सरळ: नेऊ नका. रिपा किंवा १ टक्का ट्रायटॉनने विषाणू निष्क्रिय झाला असं गृहीत धरायचं नसतं. २ टक्के एसडीएस आणि ९५ अंशांना १० मिनिटं, हा नेहमीचा भरवशाचा रस्ता. तो टाळायचा असेल तर तुमची निष्क्रिय करण्याची पद्धत तपासून, नोंदवून, संस्थेच्या जैवसुरक्षा समितीकडून मान्य करून घ्यावी लागेल. तपासायचं म्हणजे प्रक्रिया केलेला नमुना डिटर्जंट काढून टाकून ताज्या एमडीसीकेवर टीपीसीके-ट्रिप्सिनसह घालायचा, लागोपाठ दोन पॅसेज, आणि दोन्हींत एचए टायटर शून्य आलं पाहिजे. नॉन-रिड्यूसिंगचा प्रश्न फक्त अँटिबॉडीबद्दल असेल तर विषाणू कशाला हवा? एचएचा प्लास्मिड (जनुक वाहून नेणारं डीएनएचं वर्तुळ) घातलेल्या एचईके-२९३टी या माणसाच्या पेशी घ्या, बाजूला रिकामा व्हेक्टर, म्हणजे एचएशिवायचा प्लास्मिड. ते लायसेट कुठेही न्या, हवं तसं उकळा किंवा उकळू नका.

बीटा-प्रोपिओलॅक्टोनने निष्क्रिय केलेला विषाणू हा मधला मार्ग आहे. ०.१ टक्का, ४ अंशांना रात्रभर, मग ३७ अंशांना २ तास म्हणजे उरलेलं रसायन विघटित होतं. पीएच घसरतो, म्हणून बफर दणकट ठेवा. हे महत्त्वाचं आहे, कारण पीएच ५ च्या आसपास गेला की एचए स्वतःच रूप पालटतं. पेशीत शिरताना एन्डोसोममध्ये जे घडतं तेच तुमच्या ट्यूबमध्ये घडतं आणि घडीवर बसणाऱ्या कित्येक अँटिबॉडी ते पालटलेलं रूप ओळखत नाहीत. न कापलेल्या एचए० ला हा धोका कमी, कापलेल्याला जास्त. फॉर्मलिन टाळा, ते लायसिनवर क्रॉसलिंक करतं आणि एपिटोप झाकतं.

आता खरेदी. वेबसाइटवर 'अँटि-एचए' एवढंच टाकून शोधलंत तर बरेच निकाल एचए-टॅगच्या (दुसऱ्या प्रथिनांना ओळखीसाठी जोडतात त्या छोट्या तुकड्याच्या) अँटिबॉडींचे येतील, १२सीए५ किंवा ३एफ१० सारख्या. टॅग मूळचा फ्लूचाच आहे, पण एच३ च्या एचएमधल्या ९८ ते १०६ या नऊ अमिनो आम्लांचा: वाय-पी-वाय-डी-व्ही-पी-डी-वाय-ए. तुमच्या एच१ मध्ये त्याच जागी वाय-पी-जी-डी-एफ-आय-डी-वाय-ई आहे. त्या अँटिबॉडीला तुमचा विषाणू दिसणार नाही. नावात 'इन्फ्लुएन्झा ए हिमॅग्लुटिनिन' आणि उपप्रकार दोन्ही हवेत.

इम्युनोजेनची ओळ वाचा. ब्लॉटसाठी हवी ती सरळ पेप्टाइडविरुद्धची, शक्यतो सशाची, आणि माहितीपत्रकात संसर्ग झालेल्या लायसेटचा ब्लॉट, तोही रिड्यूसिंग, छापलेला. फक्त १०० नॅनोग्रॅम शुद्ध प्रथिनावरचा सुंदर बँड दाखवून विकणारे पुष्कळ आहेत, त्याने काही कळत नाही. ते शुद्ध प्रथिन हिस-टॅग आणि ट्रायमर बांधणाऱ्या फोल्डॉन तुकड्यासह बनवलेलं असेल आणि त्याच्यावरच पॉलिक्लोनल केलं असेल तर अँटिबॉडीचा एक हिस्सा टॅगलाच चिकटत असतो. त्याच टॅगचं दुसरं कुठलं तरी प्रथिन कंट्रोल म्हणून लावा.

पेप्टाइड एचए१ चा की एचए२ चा, हे आधी ठरवा. एचए१ चा असेल तर एचए० आणि एचए१ दिसतील, एचए२ कधीच नाही. एचए२ चा असेल तर उलटं. ७५ चा बँड एका अँटिबॉडीने आणि २७ चा दुसरीने, असं असेल तर छेदाचं प्रमाण काढता येत नाही, हे विसरू नका. छेद किती झाला हे मोजायचं असेल तर एकाच अँटिबॉडीने एचए० आणि तिचा तुकडा, दोन्ही दिसायला हवेत.

एच३एन२ ला तुमची मोनोक्लोनल लावू नका, फुकट जाईल. एच१ पहिल्या गटात, एच३ दुसऱ्या गटात, अनुक्रमातलं साम्य जेमतेम ४० टक्क्यांच्या आसपास आणि डोक्याच्या भागात त्याहून कमी. एच१ मध्येसुद्धा जपून. ए/कॅलिफोर्निया/७/२००९ वर केलेली डोक्याची मोनोक्लोनल ६बी.१ गटातल्या विषाणूंवर (पूर्वी लशीत असलेला ए/मिशिगन/४५/२०१५ त्यातलाच) लंगडी पडू शकते. त्या गटात १६२ व्या जागी सेरीनच्या ऐवजी अ‍ॅस्पॅराजिन आलं आणि तिथे नवा ग्लायकन बसला. एपिटोपवर छत्री धरल्यासारखं झालं. म्हणजे हल्लीच्या रुग्णांचे नमुने आणि २००९ चा स्टॉक यांच्या सिग्नलची तुलना या एका अँटिबॉडीवर करायची नाही.

दोन्ही गटांना चालणारी हवी असेल तर खोडाकडे, म्हणजे एचए२ कडे जा. पण सीआर६२६१ (पहिला गट) किंवा एफआय६ (दोन्ही गट) यांची नावं वाचून ब्लॉटसाठी मागवू नका. त्याही घडीवरच बसतात, एलायझा आणि फ्लो सायटोमेट्रीला उत्तम, उकळलेल्या नमुन्याला निरुपयोगी. ब्लॉटला उपयोगी पडतो तो एचए२ च्या अगदी सुरुवातीचा फ्यूजन पेप्टाइड. तो ए प्रकारच्या सगळ्या उपप्रकारांत जवळजवळ सारखा आहे आणि सरळ साखळीतही ओळखू येतो. आणि फक्त 'इन्फ्लुएन्झा ए आहे की नाही' एवढंच बघायचं असेल तर एचएच्या मागे लागूच नका, एनपीची मोनोक्लोनल घ्या.

---

पट्टेवाला

एनपीला दुजोरा. प्रत्येक ब्लॉटवर संसर्गाचा कंट्रोल म्हणून एनपी लावाच. अ‍ॅक्टिन फक्त लोडिंग सांगतं, संसर्ग किती झाला ते सांगत नाही.

आयएफएचा एक मुद्दा राहिला. पृष्ठभागावरचं एचए दाखवायचं असेल तर ट्रायटॉन नको, आणि पेशी खरंच बंद आहेत याचा पुरावा म्हणून बाजूच्या वेलमध्ये एनपी लावा. एनपी अंधारात राहिलं पाहिजे. थंड मिथेनॉल किंवा अ‍ॅसिटोनने फिक्स केलंत तर पेशी उघडतात, शिवाय घडी बिघडते, आणि या मोनोक्लोनलचा सिग्नल तिथेही पडू शकतो.

ट्रिप्सिन घालून कापलेलं एचए बघायचं असेल तर संसर्गाआधी पेशी पीबीएसने दोनदा धुवा. सीरमचा अंश राहिला तर तो ट्रिप्सिनला बांधून टाकतो. टीपीसीके-ट्रिप्सिन १ मायक्रोग्रॅम/मिली. लायसिसआधी ते धुवून टाका आणि बफरमध्ये पीएमएसएफ (ट्रिप्सिनसारखी एन्झाइमं रोखणारं) १ मिलिमोलर ताजं घाला, पाण्यात त्याचं आयुष्य थोडकं. नाहीतर ट्रिप्सिन लायसेटमध्ये सगळंच कापत बसतं आणि ब्लॉटवर शिडी दिसते.

---

डेक्कन_डिटर्जंट

ब्लॉकिंगबद्दल कोणीच बोललं नाही. ५ टक्के स्किम मिल्क, टीबीएस-टी, १ तास. किराणा दुकानातली चहात घालायची दुधाची पावडर म्हणजे डेअरी व्हाइटनर, त्यात साखर असते, ते नको. पाकिटावर 'स्किम्ड मिल्क पावडर' लिहिलेलं घ्या, विरघळल्यावर एकदा गाळून किंवा फिरवून घ्या, नाहीतर न विरघळलेल्या कणांचे काळे ठिपके येतात. बायोटिनवाली सेकंडरी असेल तर दूध बाद, त्यात बायोटिन असतं, मग बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन).

आणि जपून ठेवलेल्या प्रायमरीत सोडियम अझाइड घातलं असेल तर चालेल, पण एचआरपी (सिग्नल देणारं एन्झाइम) जोडलेल्या सेकंडरीच्या बफरमध्ये चुकूनही नको. अझाइड एचआरपीला बंद पाडतं.

---

शीतकक्ष

दुधाशी सहमत नाही, निदान पहिल्या खेपेला. सशाच्या पेप्टाइड अँटिबॉडीचा सिग्नल आधीच बेताचा असतो, दुधात तो आणखी दबतो. ३ टक्के बीएसएने सुरुवात करा, पार्श्वभूमी आली तरच दुधाकडे वळा. एकाच मेम्ब्रेनच्या पट्ट्या कापून २, १, ०.५ आणि ०.२५ मायक्रोग्रॅम/मिली असे चार तीव्रतांचे ब्लॉट दूध आणि बीएसए दोन्हींत एकदम लावले की दूध की बीएसए हा वाद तिथेच मिटतो.

---

बावधन_बेंच

पटलं. मग हातातली मोनोक्लोनल वाया गेली असं नाही ना? तिने एचए ओढून घ्यायचं आणि सशाच्या पेप्टाइड अँटिबॉडीने ब्लॉट करायचा, असं जमेल का?

---

डायसल्फाइड

जमेल, आणि या अँटिबॉडीचा तोच चांगला उपयोग आहे. लायसिसला रिपा नको, त्यातलं ०.१ टक्का एसडीएस आणि डिऑक्सिकोलेट घडीला त्रास देतात. १ टक्का एनपी-४० किंवा ट्रायटॉन, १५० मिलिमोलर मीठ, ट्रिस पीएच ७.४, प्रोटिएझ इनहिबिटर. हे सगळं बीएसएल-२ च्या कॅबिनेटमध्ये, कारण लायसेट जिवंत धरायचं आहे. ५०० मायक्रोग्रॅम लायसेटला २ मायक्रोग्रॅम अँटिबॉडी, ४ अंशांना रात्रभर, मग २५ मायक्रोलीटर प्रोटीन-जी बीड्स, १ तास. मोनोक्लोनलचा आयसोटाइप बघून घ्या, उंदराचं आयजीजी१ प्रोटीन-ए ला नीट चिकटत नाही, प्रोटीन-जीला चिकटतं. त्याच आयसोटाइपची, फ्लूशी संबंध नसलेली अँटिबॉडी कंट्रोल म्हणून समांतर चालवा. चारदा धुवा, आणि शेवटच्या धुण्याला नवी ट्यूब घ्या, म्हणजे जुन्या ट्यूबच्या भिंतीला चिकटलेला कचरा सोबत येत नाही.

बीड्सवरून सोडवायला थेट नमुना बफर, ९५ अंशांना १० मिनिटं. इथून पुढे जेल रूममध्ये न्यायला हरकत नाही.

फक्त एक लक्षात ठेवा. बीड्सवरची मोनोक्लोनलही सुटून जेलवर येते: जड साखळी ५० ला, हलकी २५ ला, म्हणजे एचए१ आणि एचए२ च्या अगदी अंगावर. ब्लॉटची प्रायमरी सशाची आहे, तर सेकंडरी अँटि-रॅबिट आणि उंदराच्या आयजीजीविरुद्ध अ‍ॅडसॉर्ब केलेली घ्या. शिवाय लायसेट न घालता फक्त बीड्स अधिक अँटिबॉडी अशी एक लेन ठेवा. त्या लेनमध्ये ५० किंवा २५ ला काहीही दिसलं तर तो ब्लॉट वाचायचा नाही, सेकंडरी बदलायची.